सातबारा कोरा होता : एका जमीनखरेदीचं प्रकरण

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्यातलं आहे. गाव, गट नंबर आणि माणसांची नावं वगळली आहेत, काही किरकोळ तपशील बदलले आहेत. संबंधितांना विचारूनच लिहितो आहे. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि खरेदीआधी जमिनीच्या मालकीचा कागदोपत्री शोध घेणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तरीही या प्रकरणात पहिल्याच आठवड्यात माझी एक चूक झाली. ती पुढे ओघात येईल.

पार्श्वभूमी

जून २०२३ मध्ये एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. त्यांना आपण सर म्हणू. त्यांच्या मूळ गावी वडिलोपार्जित शेती आहे, त्यामुळे शेतकरी असल्याचा पुरावा होता आणि शेतजमीन घ्यायला कायद्याची अडचण नव्हती. तालुक्याच्या गावापासून जवळ, डांबरी रस्त्याला लागून ८० आर जमीन त्यांना पसंत पडली होती. मूळ गट २ हेक्टर ४० आरचा (शंभर आर म्हणजे एक हेक्टर). विकणारा साधारण पंचेचाळिशीचा, स्वतः जमीन कसणारा. सातबाऱ्यावर त्याचं आणि त्याच्या आईचं नाव.

सरांनी सातबारा आधीच काढला होता. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घेतलेला, सोबत आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा. भोगवटादार वर्ग १, म्हणजे विकायला सरकारची आगाऊ परवानगी लागत नाही अशी जमीन. इतर हक्कात सोसायटीचा बोजा नाही, कुळाचं नाव नाही. प्रलंबित फेरफार, म्हणजे हक्कबदलाची अर्धवट राहिलेली नोंद, नाही. गावाकडे याला ‘सातबारा कोरा’ म्हणतात आणि हा शब्द ऐकला की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. सरांनी त्याच भरवशावर साध्या कागदावर विसार पावती करून एक लाख रुपये देऊनही टाकले होते. ‘दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ असं मध्यस्थानं सांगितलं होतं.

मीही तो उतारा पाहिला आणि म्हणालो, ‘‘सर, सातबारा तर स्वच्छ दिसतोय.’’ हीच माझी चूक. सातबारा सांगतो की आज सरकारदप्तरी कुणाचं नाव लागलं आहे. मालकी कुणाची, हे तो ठरवत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातल्या नोंदी खऱ्या मानल्या जातात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. हे मला पाठ आहे. तरी मी ते वाक्य उच्चारलं आणि सर निश्चिंत होऊन घरी गेले.

अडचण कुठे दिसली

डिजिटल सातबाऱ्याच्या तळाशी ‘जुने फेरफार क्रमांक’ असा रकाना असतो. बहुतेक लोक तो वाचत नाहीत. मला विचाराल तर अख्ख्या उताऱ्यात तोच सगळ्यात मोलाचा आहे, कारण जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याची वाट त्या आकड्यांत असते. इथे चार आकडे होते. शेवटचे दोन सहज उलगडले. २०११ मध्ये विकणाऱ्याचे वडील वारल्यावर मुलगा, मुलगी आणि बायको यांची वारसनोंद झाली होती. २०१४ मध्ये मुलीनं दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलेलं हक्कसोडपत्र दिलं, म्हणून तिचं नाव कमी झालं. दोन्ही फेरफार नीट, कागद पूर्ण.

मागे मोजत गेलं तर तिसरा फेरफार जमीन एकत्रीकरणाचा. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हाचा. चौथा १९६८ चा, म्हणजे विकणाऱ्याचे आजोबा वारले त्या वर्षीचा. जुन्या कागदांच्या स्कॅन प्रती सरकारनं ऑनलाइन आणल्या आहेत, तिथे हे पान मिळालं, पण शाई फुटलेली, अर्धी ओळ कड्यात गेलेली. सरांना वाटलं एवढ्यावर भागेल. मी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज दिला. नऊ दिवसांनी नक्कल हातात आली.

फेरफाराच्या मजकुरात लिहिलं होतं, की खातेदार मयत झाला असून त्यास वारस एक मुलगा व दोन मुली आहेत, मुली लग्न होऊन सासरी नांदत आहेत, सबब मुलाचे नाव दाखल केले. खाली मंडल अधिकाऱ्याची सही. आजी आधीच वारल्या होत्या.

हा मजकूर मी दोनदा वाचला. असे फेरफार शेकड्यांनी पाहिले आहेत, तरी प्रत्येक वेळी थांबायला होतं. ज्या कागदानं दोन बहिणींना सातबाऱ्यावरून बाहेर ठेवलं, त्याच कागदानं त्या वारस असल्याचं लिहूनही ठेवलं. तलाठ्यानं काही दडवलं नव्हतं. त्या काळी असंच करत असत आणि पुढची पंचावन्न वर्षं कुणी ते पान उलटून पाहिलं नाही.

त्या दोन मुली, म्हणजे विकणाऱ्याच्या आत्या, हयात होत्या. थोरल्या सत्त्याहत्तर वर्षांच्या, शेजारच्या तालुक्यात. धाकट्या त्र्याहत्तरच्या, पुण्यात मुलाकडे.

कोर्टातली नोंद

विकणाऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘आत्यांचं काही म्हणणं नाही. कोर्टाचा स्टे वगैरे काही नाही, साहेब.’’ ‘स्टे नाही’ हे उत्तर ऐकलं की मी सावध होतो, कारण माझा प्रश्न स्टेबद्दल नव्हता.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं दावा शोधता येतो, फुकट, घरबसल्या. पण त्याच्या काही खोडी माहीत असाव्या लागतात. नाव इंग्रजी अक्षरांत भरावं लागतं आणि आपल्या आडनावांची स्पेलिंगं प्रत्येक कारकुनाच्या हातून वेगळी पडतात. शिवाय वर्ष भरल्याशिवाय शोध पुढे जात नाही. सरांनी स्वतः प्रयत्न केला होता, एकाच स्पेलिंगनं, शेवटच्या दोन वर्षांसाठी. काही निघालं नव्हतं. मी आडनावाची चार रूपं कागदावर लिहिली आणि एकेक वर्ष मागे जात राहिलो. आधी कनिष्ठ स्तर कोर्ट, मग वरिष्ठ स्तर. तिसऱ्या स्पेलिंगला २०१९ सालचा दावा सापडला. वादी दोघी आत्या, प्रतिवादी विकणारा आणि त्याची आई. वाटप आणि स्वतंत्र ताब्यासाठीचा. प्रलंबित.

सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक दाव्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, मिळाला की पुढचं सोपं. तारखांचा इतिहास आणि रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, त्यावर दिसतो. समन्स विकणाऱ्याच्या आईनं घेतलं होतं. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज दिलेला होता, पण त्यावर सुनावणीच झाली नव्हती. म्हणजे ‘स्टे नाही’ हे अक्षरशः खरं होतं.

सर म्हणाले, ‘‘दाव्याची प्रत आरटीआय टाकून मागवू का?’’ कोर्टाच्या फायलीतल्या नकलांसाठी तो रस्ता नाही. न्यायालयांचे नकलांचे स्वतःचे नियम आहेत आणि त्याच नियमांनी नक्कल घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलं आहे. दाव्यात पक्षकार नसलेल्या माणसाला कारण देऊन अर्ज करावा लागतो. मी खरेदीचा व्यवहार चालू असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज केला आणि तो मंजूर झाला.

दाव्याचा सातबाऱ्यावर मागमूस नव्हता. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तांच्या यादीत, म्हणजे सूची क्रमांक २ मध्येही नव्हता. वादग्रस्त मिळकतीवर दावा चालू असल्याची नोटीस, जिला कोर्टात सगळे ‘लिस पेंडन्स’ म्हणतात, ती वादीनं दुय्यम निबंधकाकडे नोंदवली तरच शोधात दिसते. आत्यांच्या बाजूनं ती नोंदवलीच नव्हती. मी वृत्तपत्रात पंधरा दिवसांची जाहीर नोटीसही दिली होती, तिच्यावर एकही हरकत आली नाही. पुण्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि दुसऱ्या तालुक्यातल्या वस्तीवर राहणाऱ्या दोन वयस्क बायकांपर्यंत ती पोहोचणार तरी कशी होती?

१९५२ चं खरेदीखत

इतक्यात विकणाऱ्यानं ओळखीच्या एका सल्लागाराचं म्हणणं आणलं. जमीन वडिलोपार्जित आहे, मुलींना हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मिळाला, आजोबा १९६८ ला गेले, म्हणजे आत्यांना काहीच नाही. हा समज इतका पसरलेला आहे की त्याचं उत्तर कागदानंच द्यावं लागतं.

जमीन आजोबांकडे आली कशी, ते शोधायचं ठरवलं. अडचण अशी की नोंदणी खात्याचा ऑनलाइन शोध आमच्या भागात २००२ च्या मागे जात नाही, आणि १९५० च्या दशकात गट नंबर अस्तित्वातच नव्हते. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा काढला, म्हणजे या गटात कोणता जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा गेला ते कळलं. मग तो नंबर घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयातल्या हातानं लिहिलेल्या सूची चाळल्या. फीचं चलन भरायचं, रजिस्टर बाहेर येतं, आणि खिडकीजवळच्या बाकावर बसून ओळ न ओळ वाचायची. दोन दिवस लागले. १९५२ चं खरेदीखत मिळालं. आजोबांनी जमीन रोख रक्कम देऊन विकत घेतली होती. सरांनी ती नोंद पाहिली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘वर्गात आयुष्यभर इतिहास शिकवला, पण असा हातात कधी आला नव्हता.’’

या एका कागदानं प्रश्नाचं रूप बदललं. जमीन आजोबांची स्वतःची. त्यांनी मृत्युपत्र केल्याचं कुणाचंच म्हणणं नव्हतं. मग १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलगा आणि दोन मुली यांना सारखा वाटा, तोही १९६८ पासूनच. १९९४ किंवा २००५ ची वाट पाहायची गरजच नव्हती. प्रत्येकाला एक तृतीयांश, म्हणजे ८० आर.

तोलून पाहिलेले पर्याय

सर्वात सरळ पर्याय म्हणजे विसार परत मागून बाजूला होणं. मी तोच आधी सुचवला. पण पावतीत ‘मालकी निर्वेध न निघाल्यास रक्कम परत’ अशी ओळच नव्हती आणि विकणाऱ्यानं पैसे ट्रॅक्टरच्या हप्त्यात घातले होते. वसुलीसाठी वेगळा दावा करावा लागला असता.

दुसरा पर्याय विकणाऱ्यानंच मांडला. ‘‘माझा वाटा ८० आर, मी ८० आरच विकतोय. मग अडचण काय?’’ ऐकायला बिनतोड. पण वाटप न झालेल्या जमिनीत ८० आर म्हणजे सगळ्या गटातला तिसरा हिस्सा. रस्त्याकडेचे ८० आर नव्हेत. रस्त्याची जमीन आणि मागची मुरमाड जमीन यांच्या भावात मोठा फरक होता. खरेदी करून सरांच्या हाती एक वाटपाचा दावाच आला असता.

तिसरा पर्याय एका मध्यस्थानं कानात सांगितला. महाराष्ट्रात १९३९ च्या दुरुस्तीमुळे दाव्याची नोटीस नोंदलेली नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२, म्हणजे दावा चालू असताना जमीन घेणाऱ्यालाही त्याचा निकाल लागू करणारं कलम, घेणाऱ्याला बांधत नाही. तेव्हा गुपचूप खरेदीखत उरकून घ्या. सर या मुद्द्यावर दोन दिवस घुटमळले, आणि मी त्यांना दोष देत नाही. कायद्याचा तो अर्धा भाग खरा आहे. पण कलम ५२ लागू नसलं तरी भावाच्या मुलाला आत्यांचा वाटा विकता येत नाही. जे त्याचं नाही ते तो देणार कसं? शिवाय आता सरांना सगळं माहीत होतं. ‘प्रामाणिकपणे, न कळता घेतलं’ म्हणायची सोय उरली नव्हती.

चौथा, आत्यांना बोलावून थोडी रक्कम देऊन हक्कसोडपत्र करून घेणं. विकणारा प्रत्येकी पन्नास हजार म्हणत होता, आणि विक्रीची किंमत त्यांना सांगायची नाही असं त्याचं म्हणणं होतं. अशा कागदावर मी काम करणार नाही, हे मी त्याला तिथेच सांगितलं.

राहिला पाचवा : आत्यांशी त्यांच्या वकिलामार्फत बोलणं, दाव्यातच तडजोड करणं, आणि मग त्यांच्या सहीनं खरेदी. वेळ जास्त, खात्री जास्त.

काय केलं

सरांनी पाचवा पर्याय घेतला. विकणारा सुरुवातीला चिडला. १९६८ चा फेरफार त्याला वाचून दाखवला तेव्हा मात्र गप्प झाला. त्यानं तो कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या समजुतीत आत्यांचा दावा म्हणजे नातेवाइकांनी भरवलेलं भांडण होतं. आजोबांच्या फेरफारातच त्या वारस म्हणून लिहिलेल्या आहेत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली बैठक आत्यांच्या वकिलांच्या ऑफिसात झाली. विकणारा आकडे सांगू लागला तसं थोरल्या आत्यांनी त्याला थांबवलं. म्हणाल्या, ‘‘पैशाचं मागनं बोल. माझ्या बापाच्या सातबाऱ्यावर माझं नाव का न्हाई, ते आदी सांग.’’ तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘आत्या, मला खरंच ठाऊक नव्हतं गं.’’ मी १९६८ ची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली आणि वाचून दाखवली. ‘सासरी नांदत आहेत’ या शब्दांशी त्यांनी मला परत वाचायला लावलं. त्यानंतरची बोलणी सोपी झाली असं म्हणणार नाही, पण ती बोलणी झाली.

थोरल्या आत्यांना पूर्ण ८० आर नको होते. त्यांना विहिरीलगतची ४० आर जमीन स्वतःच्या नावावर हवी होती, उरलेल्या वाट्याचे पैसे. धाकट्या आत्यांना सगळेच पैसे चालणार होते, मात्र आजच्या भावानं आणि थेट त्यांच्या खात्यात. विहिरीलगतच्या तुकड्यात रस्त्याकडेचे २० आर जात होते. म्हणजे सरांना ८० ऐवजी ६० आर मिळणार. इथे सरांचा निर्णय सर्वात कठीण होता, कारण घर आणि चिकूची बाग अशी त्यांची आखणी ८० आरवर होती. त्यांनी एक रात्र मागून घेतली आणि सकाळी फोनवर हो म्हणाले.

तडजोडीचा मसुदा, सोबत नकाशा, आणि प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवलं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसतं. त्या निश्चिततेसाठीच तो मार्ग धरला. निवाड्यानंतर खरेदीखत झालं, त्यात विकणारा, त्याची आई आणि दोघी आत्या असे चौघे लिहून देणार. प्रत्येकीची रक्कम कोणत्या खात्यात गेली ते खरेदीखतातच नमूद केलं.

निष्पत्ती

जून २०२३ मध्ये सुरू झालेलं काम मे २०२४ मध्ये संपलं. अकरा महिने. एक लाखाचा विसार किमतीत वळता झाला. कागद काढण्याचा सगळा खर्च, माझी फी सोडून, पाच हजारांच्या आत बसला. सरांनी ६० आरवर चिकू लावले आहेत. घराचा विचार त्यांनी सोडला.

निवाड्याचा फेरफार धरताना तलाठी कार्यालयात, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, दोन खेपा जास्त झाल्या, कारण तडजोडीच्या नकाशाशी मोजणी जुळवायला वेळ गेला. नोंद मंजूर झाल्यावर थोरल्या आत्यांचा नातू माझ्याकडे आला. आजीला उतारा कागदावर हवा होता. मी तिथल्या तिथे १५ रुपये भरून काढून दिला.

धाकट्या आत्यांच्या बाबतीत माझ्या मनात एक गोष्ट राहिली आहे. पैसे त्यांच्या खात्यात गेले, पण त्या बैठकीत जवळजवळ काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या वतीनं मुलगाच बोलला. त्यांना जमीन हवी होती का, हे मी त्यांच्या वकिलांना विचारायला सुचवलं असतं तर बरं झालं असतं.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

विसाराआधी वंशावळ मागायची. सातबारा पाहून मालक कळत नाही, पण वंशावळ आणि वारसाचे फेरफार शेजारी ठेवले की कोणती नावं गळली आहेत ते दहा मिनिटांत दिसतं. मी आता उताऱ्यावरच्या नावांपेक्षा नसलेली नावं आधी शोधतो, आणि ती बहुतेक वेळा बहिणींची असतात.

कोर्टाचा शोध पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. फेरफाराची वाट पाहत आम्ही दोन आठवडे घालवले. स्पेलिंगच्या सगळ्या रूपांसह बारा वर्षांचा शोध एका संध्याकाळी होतो. तहसीलदार आणि प्रांताकडच्या महसुली अपिलांचा शोध वेगळ्या संकेतस्थळावर असतो, तोही घ्यावा. या प्रकरणात तिथे काही निघालं नाही, पण न पाहता ते कळणार नव्हतं.

विसार पावतीत मालकी निर्वेध न निघाल्यास किती दिवसांत रक्कम परत, ही ओळ हवीच. ती असती तर सरांना निघून जायचा पर्याय खरोखर मोकळा राहिला असता.

आणि जाहीर नोटीस देताना वारस ज्या गावात, शहरात राहतात तिथल्या आवृत्तीतही ती द्यावी. पत्ता माहीत असेल तर स्पीड पोस्टानं एक प्रत थेट पाठवावी. थोरल्या आत्यांचा पत्ता विकणाऱ्याच्या आईला तोंडपाठ होता. आम्ही तो विचारलाच नव्हता.